डिश बसवली, अर्थिंग कुठे आहे?

प्रति,
मा. अध्यक्ष,
भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण (ट्राय),
नवी दिल्ली

महोदय,


डीटीएचची जोडणी कशी मिळावी, बिघाड झाल्यास तो किती वेळात दूर व्हावा, तक्रार कुठे नोंदवावी, घर बदलताना डिश कशी हलवून मिळावी, याचे नियम आपल्या प्राधिकरणाने २०१७ साली केले आणि पुढे वेळोवेळी सुधारले. ग्राहकाच्या बाजूने विचार करणारे ते नियम आहेत, म्हणूनच हे पत्र आपल्याला लिहितो आहे. त्या नियमांत एक जागा रिकामी राहिली आहे. घराच्या सर्वांत उंच भागावर, उघड्या आभाळाखाली, लोखंडी खांबावर डिश बसते आणि तिथून केबल घरात उतरते. या दोहोंना अर्थिंग द्यायचे का, द्यायचे तर कुणी आणि कसे, दिले आहे की नाही हे कुणी पाहायचे, यातले काहीही सेवा देणाऱ्यावर बंधनकारक नाही. माझी मागणी एकच आहे. डिशचा खांब आणि केबलचे जाळीदार धातूचे वेष्टण, केबल घरात शिरते त्या ठिकाणी, घराच्या मुख्य अर्थिंगशी जोडणे हा जोडणीचाच भाग मानला जावा, आणि ते झाल्याशिवाय जोडणी पूर्ण झाली असे धरू नये. पत्र खुले ठेवले आहे, कारण देशात पाच कोटींच्या आसपास घरे पैसे भरून डीटीएच पाहतात, शिवाय दूरदर्शनची मोफत सेवा पाहणारी कोट्यवधी घरे वेगळी, आणि त्यांतल्या प्रत्येक घराने हा प्रश्न विचारायला हवा.

आज डिश कशी बसते ते आपल्याला ठाऊक आहे, तरी विजेच्या दृष्टीने तिच्याकडे एकदा पाहू. गच्चीच्या कठड्यात किंवा भिंतीत फास्टनर ठोकून खांब उभा राहतो, खांबावर साधारण ६० सेंटिमीटरची तबकडी, तिच्यासमोर दांड्यावर सिग्नल पकडणारा एलएनबी, आणि एलएनबीपासून निघालेली आरजी-६ केबल खिडकीच्या चौकटीतून दिवाणखान्यातल्या सेट-टॉप बॉक्सपर्यंत. या केबलमध्ये मधोमध एक तार असते आणि तिच्याभोवती धातूची जाळी. ही जाळी वरच्या टोकाला एलएनबीच्या धातूच्या अंगाला, म्हणजे पर्यायाने दांडा, तबकडी आणि खांब यांना जोडलेली असते. खालच्या टोकाला ती बॉक्सच्या धातूच्या सॉकेटला भिडते, तिथून एचडीएमआय केबलच्या वेष्टणातून टीव्हीत शिरते. म्हणजे छतावरच्या खांबापासून टीव्हीच्या आतल्या सर्किटपर्यंत धातूचा एक सलग तुकडा तयार होतो. बॉक्स एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट पुरवतो. ते निरुपद्रवी आहेत आणि माझा आक्षेप त्यांच्याबद्दल नाही. आक्षेप असा आहे की हा एवढा लांब धातू कुठेही जाणीवपूर्वक जमिनीला जोडलेला नाही. बॉक्सच्या अ‍ॅडॅप्टरला दोन पिना, बहुतेक टीव्हींच्या प्लगलाही दोनच. भिंतीतल्या सॉकेटमध्ये अर्थचे भोक असले तरी या उपकरणांची कोणतीही पिन तिथे पोहोचत नाही. सिग्नलची पट्टी भरली की काम संपते, आणि अर्थिंगची आठवण कुणालाच होत नाही.

यातून रोजचा जो धोका निर्माण होतो तो विजा चमकण्यावर अवलंबून नाही, म्हणून तो आधी मांडतो. अशा अ‍ॅडॅप्टरच्या आत २३० व्होल्टची बाजू आणि कमी व्होल्टेजची बाजू यांच्यामध्ये, विद्युत गोंगाट दाबण्यासाठी, एक छोटा कपॅसिटर बसवलेला असतो. त्यातून अत्यल्प प्रवाह सतत पलीकडे झिरपतो. तो साधारण पाव मिलिअँपिअरच्या आत ठेवण्याची शिस्त उत्पादक पाळतात, आणि तेवढ्याने माणसाला इजा होत नाही. पण केबलचे वेष्टण अधांतरी असल्यामुळे त्यावर मीटर लावला तर शंभर व्होल्टच्या आसपास आकडा दिसू शकतो. ओल्या हाताने केबलचे टोक किंवा डिशचा दांडा धरणाऱ्याला झिणझिण्या जाणवतात त्या यामुळे. एका मोठ्या डिशवरून पाच-दहा घरांना केबल दिलेली असेल, तर प्रत्येक घरातल्या बॉक्सचा झिरपा त्याच धातूवर येऊन साठतो आणि बेरीज जाणवण्याइतकी होते. शिडीवर उभ्या असलेल्या कामगाराला असा अनपेक्षित झटका बसला, तर धोका प्रवाहाचा कमी आणि तोल जाण्याचा जास्त असतो. दुसऱ्या मजल्याच्या कठड्यावर तो धोका लहान म्हणता येणार नाही.

खरी भीती पुढची आहे. तो कपॅसिटर किंवा अ‍ॅडॅप्टरमधले इन्सुलेशन फुटले, स्वस्तात आणलेला बदली अ‍ॅडॅप्टर निकृष्ट निघाला, खिडकीच्या चौकटीत चेमटलेली केबल शेजारच्या वायरीला घासून सोलली गेली, किंवा वाऱ्याने झुकलेला खांब रस्त्यावरच्या विजेच्या तारेला टेकला, तर पूर्ण २३० व्होल्ट त्या सलग धातूवर येतात. टीव्ही कदाचित चालूच राहील. घरातला एमसीबी पडणार नाही, कारण प्रवाहाला जमिनीत जायला वाटच नाही. गळती ओळखून पुरवठा तोडणारा आरसीसीबी असला तरी तोही गप्प बसेल, कारण त्याला ओळखता येईल अशी गळती अजून सुरूच झालेली नाही. ती सुरू होईल ओल्या गच्चीवर अनवाणी उभे राहून डिशच्या खांबाला बांधलेल्या तारेवर कपडे वाळत घालणाऱ्या बाईच्या शरीरातून. महाराष्ट्रात दर पावसाळ्यात कपडे वाळत घालण्याच्या तारेत वीज उतरून माणसे दगावल्याच्या बातम्या येतात. त्यांतल्या किती घटनांत डिशचा संबंध होता याची नोंद कुणी ठेवत नाही, आणि मी तसा दावाही करत नाही. पण गच्चीवरचा खांब दोरी बांधायला सर्वांत सोयीचा असतो हे कुठल्याही वस्तीत मान वर करून पाहिले तरी दिसते. हाच खांब घराच्या अर्थिंगला जोडलेला असता, तर घरातल्या पुरवठ्यातून दोष निर्माण झाला त्याच क्षणी प्रवाहाला वाट मिळाली असती आणि ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीने माणूस मध्ये येण्यापूर्वीच पुरवठा तोडला असता.

आता आकाशातल्या विजेविषयी. इथे मला अतिशयोक्ती टाळायची आहे, कारण अर्थिंगच्या बाजूने बोलणारेच पुष्कळदा ती करतात. डिशवर थेट वीज कोसळली, तर कोणतेही साधे अर्थिंग टीव्ही वाचवेल असे कुणी सांगू नये. विजेच्या पहिल्या तडाख्यातला मध्यम प्रवाह ३० हजार अँपिअरच्या घरात असतो, काही तडाखे त्याच्या कितीतरी पट मोठे असतात. त्यापुढे बोटाएवढ्या तांब्याच्या तारेने उपकरण सुरक्षित राहील अशी हमी देणे फसवणूक ठरेल. पण थेट तडाखा हा क्वचितचा प्रसंग आहे. शेजारच्या झाडावर, समोरच्या विजेच्या खांबावर किंवा शंभर मीटरवरच्या टाकीवर वीज पडते आणि तिचा परिणाम तारांमधून, केबलमधून, जमिनीतून घरापर्यंत पोहोचतो, हे त्याहून पुष्कळदा घडते. अशा वेळी घरातली विजेची वायर एका पातळीला उचलली जाते आणि डिशकडून आलेली केबल दुसऱ्या पातळीला राहते. दोन्हींमधला फरक हजारो व्होल्टचा असू शकतो, आणि तो फरक मिटण्याची जागा म्हणजे बॉक्स आणि टीव्ही, जिथे या दोन तारा एकमेकींच्या सर्वांत जवळ येतात. एचडीएमआयच्या चिपा अवघ्या काही व्होल्टवर काम करतात. पावसाळ्यानंतर दुरुस्तीला येणाऱ्या टीव्हींच्या एचडीएमआय पोर्टची जी दशा असते तिचे एक मोठे कारण हेच आहे. शेजारी रिमोट हातात धरून किंवा केबल सरळ करत बसलेले माणूस असेल, तर त्याच्या शरीरातूनही तो फरक मिटू शकतो.

म्हणून या साऱ्या विषयाचा गाभा ‘जमिनीत खोल खुंटी’ हा नाही. घरात येणारा प्रत्येक धातू, विजेची वायर, केबल, टेलिफोन किंवा इंटरनेटची तार, एकाच ठिकाणी एकमेकांना जोडलेला असणे हा तो गाभा आहे. सगळे एकदम वर गेले आणि एकदम खाली आले, तर त्यांच्यामध्ये फरक उरत नाही. प्रवासी विमानांवर वीज पडणे ही वैमानिकांना नवी गोष्ट नाही, त्यांच्यापाशी जमीन नसते, तरी आतले प्रवासी सुखरूप राहतात, कारण विमानाचे सारे अंग धातूने एकमेकांना जोडलेले असते. हे तत्त्व समजले नाही की अर्थिंग चांगल्या हेतूनेही घातक होते. गच्चीच्या खाली परसात एक वेगळी सळई ठोकून फक्त डिश तिला जोडायची आणि घराचे अर्थिंग मीटरजवळ तसेच राहू द्यायचे, हा प्रकार अनेक जण ‘डबल सुरक्षा’ म्हणून करतात. त्याचा हिशेब असा मांडता येतो. त्या सळईचा जमिनीशी अवरोध १० ओहम आहे आणि विजेच्या तडाख्याचा अवघा तिसावा हिस्सा, म्हणजे एक हजार अँपिअर, तिच्यातून उतरला, तरी सळईची पातळी दहा हजार व्होल्टने वर जाते. घराचे दुसरे अर्थिंग तिथेच खाली असते. या दोन टोकांमधला सर्वांत सोपा रस्ता केबलचे वेष्टण, बॉक्स, टीव्ही आणि घराची वायर असा दिवाणखान्यातून जातो. दोन अर्थ असतील, तर ते जाड तारेने एकमेकांना बांधलेच पाहिजेत. हे न सांगता ‘डिशला अर्थिंग द्या’ एवढाच आदेश निघाला, तर देशभर लाखो सुट्या सळया ठोकल्या जातील आणि आजच्यापेक्षा वाईट अवस्था होईल. आपल्या नियमात शब्द नेमके हवेत, ते यासाठी.

महाराष्ट्राच्या जमिनीमुळे हा मुद्दा आणखी ठळक होतो. अडीच मीटर लांब आणि ४० मिलिमीटर व्यासाचा नेहमीचा जीआय पाइप ओलसर काळ्या मातीत उभा गाडला, तर त्याचा अवरोध तीन-चार ओहम इतका कमी मिळू शकतो. तोच पाइप कोकणातल्या जांभ्यात किंवा सह्याद्रीच्या कातळावर गाडला, तर आकडा तीनशेच्या वर सहज जातो. काळ्या मातीचाही भरवसा बारमाही नाही. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पाइपभोवती पोकळी होते आणि संपर्क सुटतो. वळवाच्या विजा नेमक्या त्याच महिन्यांत येतात. मीठ-कोळसा घालून, पाणी ओतून हे काही अंशी सावरता येते आणि सावरायलाही हवे. पण रत्नागिरीतल्या प्रत्येक घराला एक ओहमचे अर्थिंग मिळेल ही अपेक्षा धरणे व्यर्थ आहे. एकत्र जोडणी मात्र जांभ्यातही तितकीच करता येते, कारण तिला माती लागत नाही, तांब्याची तार आणि दोन क्लॅम्प लागतात. तार आखूड आणि सरळ हवी, हेही इथेच नमूद करतो. विजेचा प्रवाह काही मायक्रोसेकंदांत चढतो, आणि अशा वेगाला तारेचा प्रत्येक मीटर हजारो व्होल्टचा अडथळा निर्माण करतो. उरलेल्या तारेचे वेटोळे करून खिळ्याला अडकवले, तर निम्मे काम तिथेच वाया जाते.

जगात इतरत्र हे नियम जुने आणि स्पष्ट आहेत. अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडमध्ये अँटेनासाठी ८१० क्रमांकाचे स्वतंत्र कलम आहे. खांबाला किमान १० गेज तांब्याच्या तारेने अर्थ द्यावा, आणि वेगळी सळई वापरली तर ती किमान ६ गेज तांब्याने इमारतीच्या मुख्य अर्थिंगशी बांधावी, असे ते सांगते. आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाचे ६०७२८-११ हे मानक खांबासाठी किमान १६ चौरस मिलिमीटर तांबे आणि केबलच्या वेष्टणांच्या एकत्र जोडणीसाठी किमान ४ चौरस मिलिमीटर तांबे मागते. त्यात एक शहाणपणाची सवलतही आहे. डिश छताच्या कडेपासून २ मीटरहून खाली आणि भिंतीपासून दीड मीटरच्या आत असेल, तर खांबाला विजेपासून संरक्षणाचे अर्थिंग आवश्यक मानलेले नाही. मुंबई-ठाण्याच्या किंवा पुण्याच्या सोसायट्यांत खिडकीच्या ग्रिलवर बसलेल्या असंख्य डिश या सवलतीत बसू शकतील. म्हणजे नियम केला की सरसकट सगळ्यांवर बोजा पडेल, ही भीती बाळगण्याचे कारण नाही. झिरपणाऱ्या प्रवाहासाठी वेष्टणाची जोडणी मात्र तिथेही करावी, आणि ती घरातल्या वितरण पेटीतल्या अर्थपट्टीला सहज करता येते. आपल्याकडे ज्ञानाची उणीव आहे असेही नाही. अर्थिंगसाठी आयएस ३०४३ आहे, विजेपासून संरक्षणासाठी आयएस/आयईसी ६२३०५ आहे, राष्ट्रीय विद्युत संहिता आहे. डिश बसवायला छतावर चढणाऱ्या मुलाच्या हातात मात्र यातले एक पानही कुणी दिलेले नाही.

पहिला आक्षेप अपेक्षित आहे: डिशमुळे माणसे मरतात याचा पुरावा काय? राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात वीज पडून २,८८७ माणसे मेली. त्यांतली बहुसंख्य शेतात, झाडाखाली, उघड्यावर होती, आणि डिशचे अर्थिंग त्यांच्या कामी आले नसते. त्यांच्यासाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने केलेल्या ‘दामिनी’ अ‍ॅपसारखी पूर्वसूचना महत्त्वाची आहे. पण विजेचा धक्का लागून दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसे मरतात, आणि त्या आकड्यात कोणता धातू कसा जिवंत झाला याचे वर्गीकरण नाही. नोंद नसणे म्हणजे धोका नसणे असा अर्थ काढणे बरोबर नाही. शिवाय सुरक्षेचा नियम करायला प्रेतांची मोजणी ही पूर्वअट असू नये. धोका कसा निर्माण होतो हे भौतिकशास्त्राने स्पष्ट दाखवता येते, आणि उपाय स्वस्त आहे, एवढे पुरेसे आहे.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे आणि त्याने मला बराच विचार करायला लावला: खेड्यातल्या, वस्तीतल्या लाखो घरांत मुळात अर्थिंगच नाही, मग डिश जोडायची कशाला? केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनुसार ग्राहकाच्या जागेत, पुरवठा सुरू होतो त्या ठिकाणाजवळ, वापरता येईल असे अर्थचे टर्मिनल पुरवठादाराने द्यायचे असते. प्रत्यक्षात ते कित्येक ठिकाणी नसते, असले तर गंजून तुटलेले असते, किंवा कुणी तरी न्यूट्रललाच अर्थ समजून लूप मारलेले असते. अशा घरात डिश बसवणाऱ्याने आंधळेपणाने जोडणी केली, तर न्यूट्रल तुटल्याच्या दिवशी गच्चीवरचा खांब जिवंत होईल. तेव्हा आधी तपासणी, मग जोडणी, हा क्रम अटळ आहे. साध्या टेस्टरने आणि मीटरने फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ पाहायला काही मिनिटे लागतात. त्याने सगळे दोष सापडत नाहीत, ढोबळ मात्र सापडतात. अर्थिंग नसेल तर तसे लेखी नोंदवावे, ग्राहकाची सही घ्यावी आणि त्याला सांगावे की परवानाधारक वायरमनकडून आधी अर्थिंग आणि आरसीसीबी बसवून घ्या. आरसीसीबीचा आग्रह यासाठी की १० ओहमच्या अर्थिंगमधून २३० व्होल्टने फार तर २३ अँपिअर वाहतात, आणि तेवढ्याने ३२ अँपिअरचा एमसीबी पडत नाही. अनेक कुटुंबांना आपल्या घरात अर्थिंग नाही हे या निमित्ताने पहिल्यांदा कळेल. मला तर हाच या नियमाचा सर्वांत मोठा लाभ वाटतो, कारण त्याच घरात गिझर आहे, वॉशिंग मशीन आहे, पाण्याची मोटर आहे. नळाचा पाइप अर्थ म्हणून वापरण्याची जुनी सवय मात्र नियमानेच बंद करावी. आता बहुतेक नळ प्लास्टिकचे आहेत. गॅसच्या पाइपला तर कोणत्याही परिस्थितीत हात लावू नये.

अर्थिंग दिल्याने डिश वीज ओढून घेईल, ही समजूत गावोगाव आहे आणि शिकलेल्यांतही आहे. वीज कुठे पडणार हे मुख्यत्वे उंची आणि आकार ठरवतात. किलोमीटरभर हवा फोडून आलेल्या विजेला खांबाखाली तांब्याची तार आहे की ओले काँक्रीट, याने फारसा फरक पडत नाही. ती पडल्यावर कोणत्या वाटेने जाते, एवढेच अर्थिंग ठरवते. जिथे इमारतीवर रीतसर तडितरक्षक आहे, तिथे मात्र डिश स्वतःच्या मनाने त्याच्या पट्टीला जोडू नये. अंतर राखायचे की जोडायचे हे त्या यंत्रणेच्या अभियंत्याने ठरवायचे आहे. ‘गडगडाट झाला की प्लग काढा’ हा सल्लाही योग्यच आहे, आणि तो पाळताना केबलही काढावी, नुसता प्लग पुरत नाही. पण घरातले सगळे शेतावर किंवा कामावर असताना, रात्री दोन वाजता, किंवा अंगणवाडीच्या बंद खोलीत प्लग कोण काढणार? माणसाच्या सावधपणावर सोपवलेली सुरक्षा ही शेवटची फळी असू शकते, पहिली नव्हे.

खर्चाचा आक्षेप कंपन्यांकडून येईल. त्याचे उत्तर आपणच देऊन ठेवले आहे. पूर्वी जोडणीसाठी ग्राहकाकडून जास्तीत जास्त ३५० रुपये घेण्याची मर्यादा होती, आणि तेवढ्यात अर्थिंगचे साहित्य आणि श्रम बसवणे अवघड आहे असे कुणी म्हटले असते तर ते ऐकून घ्यावे लागले असते. जुलै २०२४ च्या सुधारणांनी आपण ती मर्यादा उठवली आणि आकार जाहीर करण्याचे बंधन तेवढे ठेवले. दर ठरवण्याचे स्वातंत्र्य मिळाले असेल, तर कामाचा दर्जा ठरवून देणे हे नियामकाचे काम उरतेच. लागते तरी काय: खांबाला एक क्लॅम्प, केबल जिथे आत शिरते तिथे एक अर्थिंग ब्लॉक, काही मीटर हिरवी तांब्याची तार आणि दोन लग. शक्य तिथे एलएनबीचे व्होल्टेज जाऊ देणारा, गॅस ट्यूबचा सर्ज प्रोटेक्टर. टीव्हीच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ आहे, आणि डिश बसवणाऱ्याच्या वेळेचा मोबदला त्यात धरलाच पाहिजे. कामागणिक पैसे मिळणाऱ्या माणसावर फुकटचे जादा काम लादले, तर तो ब्लॉक लावेल आणि तार लोंबती ठेवेल.

अधिकारक्षेत्राचा प्रश्न राहतो. विद्युत सुरक्षा हा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा आणि राज्याच्या विद्युत निरीक्षकांचा विषय आहे, परवाना माहिती व प्रसारण मंत्रालय देते, मानके भारतीय मानक ब्युरो करते. चार दारे आहेत म्हणूनच आजवर कुणाचेच दार उघडले नाही. पण जानेवारी २००४ पासून प्रसारण सेवा आपल्या अखत्यारीत आहेत, सेवेचा दर्जा ठरवणे हे आपले काम आहे, आणि जोडणी हा सेवेचा पहिला भाग आहे. आपण विद्युत नियम बनवावेत असे मी म्हणत नाही. अस्तित्वात असलेले मानक पाळून जोडणी करा, एवढे सेवा देणाऱ्याला सांगणे आपल्या हातात आहे. ग्राहकाला देण्याची कार्यपुस्तिका, म्हणजे मॅन्युअल ऑफ प्रॅक्टिस, आपल्याच २०१७ च्या नियमांनी सक्तीची केली आहे. तिच्यात अर्थिंगचे एक पान मराठीसह प्रादेशिक भाषांत यावे. जोडणीच्या पावतीवर अर्थिंग कुठे जोडले, घराचे अर्थिंग तपासले का, खांब विजेच्या तारांपासून पुरेसा दूर आहे का, याच्या नोंदी असाव्यात. कमी दाबाच्या तारांसाठी इमारतीपासून आडवे १.२ मीटर आणि वरून २.५ मीटर अंतर हा नियम देशात फार जुना आहे. डिशचा खांब उभा करणाऱ्याला तो पाठ असायला हवा.

दूरदर्शनच्या मोफत सेवेचा बॉक्स बाजारातून येतो आणि डिश गावातला कुणीही बसवतो, तिथे जोडणीची पावतीच नसते. त्यासाठी आपण मंत्रालयाला शिफारस करू शकता की बॉक्स आणि डिशच्या प्रत्येक खोक्यात अर्थिंग ब्लॉक आणि चित्रांची सूचनापत्रिका सक्तीची व्हावी. उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या सेवाही आता दाराशी आल्या आहेत. २०२५ मध्ये स्टारलिंकला दूरसंचार विभागाचा परवाना मिळाला. त्यांची तबकडीही उघड्या छतावरच बसणार, आणि तिची केबल टीव्हीऐवजी राउटरमार्गे घरातल्या संगणकापर्यंत जाणार. या नव्या जोडण्या सुरू होण्याआधीच नियम झाला, तर डीटीएचच्या बाबतीत वीस वर्षांत जे राहून गेले ते इथे राहणार नाही.

आधीच बसलेल्या डिश एका झटक्यात दुरुस्त होणार नाहीत, आणि तशी मुदत घातली तर ती कागदावरच राहील. त्यापेक्षा पुढच्या वेळी कोणत्याही कारणाने तंत्रज्ञ घरी आला, डिश हलवली, एलएनबी बदलला, बॉक्स बदलला, की अर्थिंगची तपासणी त्याच भेटीत व्हावी आणि पहिला क्रम शाळा, अंगणवाड्या, ग्रामपंचायती आणि पत्र्याच्या घरांना मिळावा. मराठवाडा-विदर्भात वळवाच्या विजा एप्रिलपासून सुरू होतात. आपला सल्लामसलतीचा मसुदा त्याआधी निघाला आणि त्यावर मराठीतूनही सूचना पाठवता आल्या, तर या पत्रातल्या प्रत्येक मुद्द्यावर वायरमन, डिश बसवणारे आणि कंपन्यांचे अभियंते समोरासमोर बोलू शकतील.

कळावे.

आपला,
एक डीटीएच ग्राहक